पाच लाख आणि पाच लाख : कळव्यातल्या एका घराने आरोग्य विमा सोडला तेव्हा

२०२४च्या सप्टेंबरअखेर, पितृपक्षात, मला कळव्याहून फोन आला. "ताई, यंदा हप्ता भरत नाही. सरकारनेच पाच लाख दिलेत, आपल्या पॉलिसीचेही पाचच आहेत. मग एकाच गोष्टीला दोनदा पैसे कशाला?"

प्रश्न सरळ होता आणि विचारणारा माणूस हिशेबी होता. त्या दिवशी मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षभरात त्या घरात दोनदा रुग्णालय झालं. एकदा राज्य सरकारच्या पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांच्या योजनेने घर तारलं, एकदा योजना असूनही खिशातून पैसे गेले. दोन्ही प्रसंग मी जवळून पाहिले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी माझ्याबद्दल. मी चौदा वर्षं आरोग्य विम्याचं काम करते, ठाण्यातला खारेगाव–कळवा–विटावा हा माझा पट्टा. पॉलिसी विकली आणि तिचं नूतनीकरण झालं की मला कमिशन मिळतं. वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवूनच माझं म्हणणं तोलावं. कुटुंबाने लिहायला परवानगी दिली आहे, नावं मी देत नाही. मी त्यांना ज्या नात्याने हाक मारते तीच इथे वापरते : दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि दादांची आई.

घर आणि आधीचा इतिहास

दादा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. वहिनी डब्यांचं काम करतात, रोजचे अकरा-बारा डबे. मुलगी तेव्हा बारावीला होती. आई एकाहत्तर वर्षांच्या, सहा महिने कळव्यात आणि सहा महिने सातारा जिल्ह्यातल्या गावी थोरल्या मुलाकडे.

२०१८पर्यंत या घराला खाजगी विमा ठाऊकच नव्हता, कारण गरज नव्हती. दादांच्या पगारातून ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे पैसे कापले जायचे आणि घरातल्या सगळ्यांचे उपचार त्यातून व्हायचे. ईएसआयसीची पगारमर्यादा जानेवारी २०१७पासून महिना २१,००० रुपये आहे. २०१८मध्ये दादांचा पगार तिच्या वर गेला, चालू सहामाही संपली आणि छत्र गेलं. पगारवाढ झाली म्हणून पेढे वाटले, आणि त्याच पगारवाढीने दवाखाना काढून घेतला. त्या ऑक्टोबरात मी त्यांना पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी काढून दिली, म्हणजे पाच लाख तिघांत मिळून. आईंना त्यात घेतलं नाही, त्यांच्या वयाला हप्ता परवडणारा नव्हता.

इथेच एक गोष्ट दिसते. सार्वजनिक व्यवस्था हटली तेव्हा खाजगी विमा आला. सहा वर्षांनी सार्वजनिक व्यवस्था दुसऱ्या रूपात परतली तेव्हा खाजगी विमा गेला. अर्थशास्त्रज्ञ ज्या गोष्टीवर देशोदेशींचे आकडे घेऊन वाद घालतात ती कळव्यातल्या दोन खोल्यांच्या घरात दोन्ही बाजूंनी घडून गेली.

पॉलिसी काढताना दादांनी स्वतःहून सांगितलं होतं की त्यांना दोन वर्षांपासून साखर आहे. मी ते अर्जात लिहिलं. त्यामुळे मधुमेह आणि त्यातून येणाऱ्या आजारांसाठी चार वर्षांची प्रतीक्षा लागली, म्हणजे तोवर त्यांचे दावे मिळणार नव्हते. ती ऑक्टोबर २०२२मध्ये संपली. एकही दावा नव्हता, म्हणून बोनस साठत गेला आणि पाच लाखांचं संरक्षण साडेसात लाखांवर पोचलं. २०२३मध्ये सलग पाच वर्षं पूर्ण झाली. विमा नियामकाच्या २०२४च्या नियमांप्रमाणे साठ महिने सलग चाललेल्या पॉलिसीत 'तुम्ही अमुक आजार लपवला' असं म्हणून कंपनी दावा नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. अशा पॉलिसीला मी 'मुरलेली पॉलिसी' म्हणते. लोणच्यासारखीच ती पहिल्या वर्षी कच्ची असते, तिचा खरा उपयोग चार-पाच वर्षांनी सुरू होतो.

हप्ता २०१८मध्ये १५,८०० रुपये होता, २०२३मध्ये २२,६००. २०२४ला दादांनी शेहेचाळिशी ओलांडली, वयाचा टप्पा बदलला आणि नोटीस आली ३१,४०० रुपयांची. त्यातले जवळपास ४,८०० नुसते जीएसटीचे.

सरकारचे पाच लाख

दादा फोनवर जे म्हणत होते ते खरं होतं. राज्याची योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा रायगड त्यात होता, ठाणे नव्हता. नोव्हेंबर २०१३मध्ये ती राज्यभर आली, एप्रिल २०१७पासून तिला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. संरक्षण कुटुंबाला वर्षाला दीड लाख होतं आणि ते पिवळ्या व केशरी रेशनकार्डासाठी. पांढरं कार्ड असलेला माणूस बाहेर. शहरात वार्षिक एक लाखाच्या वर उत्पन्न गेलं की कार्ड पांढरं, म्हणजे महिना नऊ हजार मिळवणाराही बाहेर आणि नव्वद हजार मिळवणाराही बाहेर.

२८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने हे बदललं आणि १ जुलै २०२४पासून अंमल सुरू झाला. पांढरं कार्डही आत आलं, मर्यादा पाच लाख झाली, उपचारांची यादी १,३५६ पर्यंत गेली. त्याआधी १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले होते, केसपेपरचे पैसेसुद्धा नाहीत.

मला हे फार मोठं पाऊल वाटतं आणि मी ते मनापासून म्हणते. नीती आयोगाने २०२१च्या अहवालात देशात किमान तीस टक्के, म्हणजे चाळीस कोटी लोक मधल्या पोकळीत आहेत असं म्हटलं होतं. सरकारी योजनेला पुरेसे गरीब नाहीत, स्वतः विमा घेण्याइतके पैसेवाले नाहीत. ईएसआयसीतून बाहेर पडलेले दादा नेमके तिथले. त्यांना सरकारने आत घेतलं याचा आनंद मानायचा की माझा एक ग्राहक गेला याचं दुःख?

त्या फोनवर मी अडखळले ती याचमुळे. 'पॉलिसी सोडू नका' असं म्हणाले असते तर ते माझ्या कमिशनचं बोलणं वाटलं असतं, आणि तसं वाटेल या भीतीने मी "बघा दादा, विचार करा" एवढंच म्हणून फोन ठेवला. ३ ऑक्टोबरला पॉलिसीची मुदत संपली. हप्ता भरायला तीस दिवसांची सवलत असते, तीही दिवाळीत निघून गेली. वाचलेल्या पैशांतले वीस हजार वहिनींनी मुलीच्या क्लासच्या दुसऱ्या हप्त्याला दिले. त्यात चूक काय होतं?

जानेवारी : आई

जानेवारी २०२५मध्ये एका पहाटे आईंना छातीत दुखू लागलं. घाम, डाव्या हाताला कळ. गल्लीतल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, थांबू नका. १०८ची रुग्णवाहिका आली, विटाव्यावरून ठाणे–बेलापूर रस्त्याने नवी मुंबईतल्या योजनेतल्या एका रुग्णालयात. मी साडेसहाला पोचले तेव्हा दादा आरोग्यमित्राच्या टेबलासमोर उभे होते, हातात घामाने ओलं झालेलं पांढरं रेशनकार्ड.

आरोग्यमित्र म्हणजे योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात बसलेला योजनेचा माणूस. तो तरुण मुलगा कार्ड उलटसुलट पाहून म्हणाला, "काका, ह्यात आजींचं नाव नाही."

दादांचा चेहरा उतरला. कार्ड २००६चं, लग्नानंतर वेगळं काढलेलं. आईंचं नाव गावच्या कार्डावर, थोरल्या भावाच्या कुटुंबात.

"मग गावचं कार्ड द्या ना," तो मुलगा म्हणाला. "महाराष्ट्रातलं कुठलंही चालतं. फोटो मागवा, फोनवरून तातडीची परवानगी घेतो, मूळ कार्ड नंतर आणा."

थोरल्या भावाने सात वाजता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. केशरी कार्ड, घडीवर फाटलेलं, आईंचं नाव चौथं. त्यावरचा ऑनलाइन बारा अंकी क्रमांक जुळला, आईंचं आधार जुळलं आणि दुपारच्या आत अँजिओप्लास्टी झाली. चौथ्या दिवशी घरी सोडलं. औषधं, स्टेंट, जेवण, सगळं योजनेत, वर घरी जायचं भाडंसुद्धा. खिशातून गेले ते दाखल होण्याआधीच्या तपासण्यांचे १,९०० रुपये. त्याच रुग्णालयात स्वतःच्या पैशांनी हे केलं असतं तर दोन लाखांच्या पुढे गेलं असतं, असं तिथल्याच बिलिंगच्या माणसाने सांगितलं.

आता हिशेब नीट बघा. दादांची पॉलिसी चालू असती तरी आईंना त्यातून एक रुपया मिळाला नसता, कारण त्या पॉलिसीत नव्हत्याच. योजनेने खाजगी विम्याची जागा घेतली असं इथे म्हणता येत नाही. जिथे खाजगी विमा कधी आलाच नसता तिथे ती उभी राहिली. वय वर्षं सत्तरच्या पुढच्या माणसाला नव्याने विमा घ्यायचा तर हप्ता डोळे पांढरे करणारा असतो. वयाची पासष्टची अट नियामकाने एप्रिल २०२४पासून काढली, पण अट काढली म्हणून हप्ता कमी होत नाही. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांसाठी सार्वजनिक योजना हाच खरा विमा आहे हे मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला सांगते. २९ ऑक्टोबर २०२४पासून केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना आलं आहे : सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आधारवर मोफत उपचारांचं कार्ड मिळतं. घर आधीच योजनेत असेल तर या वयाच्या माणसांना कुटुंबापेक्षा वेगळे पाच लाख मिळतात. खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. लोकांना वाटतं की एक घेतलं तर दुसरं सोडावं लागतं. तसं नाही.

आई घरी आल्यावर दादा मला म्हणाले, "बघा ताई, बरोबरच केलं ना मी?" मी हो म्हटलं. त्या दिवशी ते खरंच वाटत होतं.

ऑगस्ट : मुलगी

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुलीला ताप आला. तिसऱ्या दिवशी डेंग्यू निघाला, पाचव्या दिवशी प्लेटलेट ३८,००० वर आल्या. रात्री नऊ वाजता ते तिला जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात घेऊन गेले. पावसाळ्यातली गर्दी, एका खाटेवर दोन-दोन मुली, जमिनीवर गाद्या. तिथली डॉक्टर तरुण होती, थकलेली होती आणि खरं बोलली : "उपचार इथेही तेच आहेत, ठेवायचं तर ठेवा, मी बघते." वहिनींनी वॉर्डकडे पाहिलं आणि त्यांचा धीर सुटला. मी त्यांना दोष देत नाही, त्या डॉक्टरलाही नाही.

योजनेतलं जे रुग्णालय त्या रात्री जवळ होतं ते हाडांच्या आणि मूत्रपिंडाच्या उपचारांसाठी योजनेत होतं. रुग्णालय 'योजनेत आहे' म्हणजे सगळ्या आजारांसाठी आहे असं नसतं, विभागवार मान्यता असते. अगदी असतं तरी आणखी एक अडथळा होताच : पांढऱ्या कार्डावर मुलीचं नाव कधी चढवलंच नव्हतं. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही, मग नाव चढवायला कार्यालयात कोण खेटे घालणार? अठरा वर्षांची मुलगी सरकारदरबारी त्या कुटुंबात नव्हती.

शेवटी दहा मिनिटांवरचं नर्सिंग होम. सहा दिवस, सलाईन, रोज दोनदा रक्त, एकदा प्लेटलेट चढवल्या. मुलगी बरी झाली. बिल ७४,३०० रुपये. वहिनींनी भिशी मोडली, दादांनी कारखान्यातून उचल घेतली, आणि त्या वर्षी गणपती दीड दिवसाचा केला.

बिल माझ्यासमोर टेबलावर होतं, चार पानांचं, स्टेपल केलेलं. सवयीने मी ते पॉलिसीच्या नजरेने वाचत गेले : खोलीभाडं मर्यादेत, डॉक्टरांच्या भेटी चालतील, प्रयोगशाळा चालेल, हातमोजे आणि किरकोळ सामान कंपनी कापेल. जुनी पॉलिसी असती तर सत्तर हजारांच्या आसपास मिळाले असते. मी हे मोठ्याने बोलले नाही, पण दादांनी माझं बोट कुठे थांबतं ते पाहिलं होतं.

दोन पाच लाख एक का नाहीत

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. दादांनी पॉलिसी सोडली ती सरकारची सोय पॉलिसीसारखी आहे हे तपासून नव्हे, आकडा सारखा होता म्हणून. पाच लाख आणि पाच लाख. योजनेची मर्यादा जुनी दीड लाखच राहिली असती तर, ते स्वतः म्हणतात, त्यांनी पॉलिसी सोडली नसती. आणि तरीही मुलीच्या आजारपणाचा खर्च दीड लाखाच्या आतच होता. प्रश्न आकड्याचा नव्हताच.

पॉलिसीत वगळलेलं सोडून बाकी सगळं असतं. योजनेत यादीत असलेलं तेवढंच असतं. पॉलिसी तुम्ही ज्या रुग्णालयात जाल तिथे तुमच्या मागे येते, कॅशलेस नसेल, म्हणजे कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देत नसेल, तर बिल भरून नंतर पैसे मागता येतात. योजनेत तुम्हाला तिच्यापाशी जावं लागतं : तिचं रुग्णालय, तिचा विभाग, तिची पूर्वपरवानगी, तुमचं कार्ड. बाहेर भरलेलं बिल ती परत करत नाही. याउलट पॉलिसीत प्रतीक्षाकाळ असतो, वयागणिक हप्ता चढतो, अर्ज नाकारला जातो. योजनेत यातलं काही नाही. आईंना कुणी विचारलं नाही की तुम्हाला आधीपासून बीपी होतं का. एक व्यवस्था आजाराकडे पाहून दार उघडते, दुसरी माणसाच्या आरोग्याचा इतिहास पाहून. म्हणून मोठ्या, ठरलेल्या शस्त्रक्रियांना योजना उत्तम चालते, आणि रात्री-अपरात्री घराजवळच्या नर्सिंग होममध्ये न्यावं लागणाऱ्या मधल्या आजारपणाला पॉलिसी. माझ्या अनुभवात कळव्यासारख्या ठिकाणी दुसऱ्या प्रकारची आजारपणंच जास्त येतात. छोटी नर्सिंग होम्स योजनेत जात नाहीत, योजनेने एकेका उपचाराला ठरवलेले पॅकेजचे दर परवडत नाहीत असं तिथले डॉक्टर सांगतात.

याच गैरसमजाचं एक हुशार रूपही मी ऐकते. "सरकारचे पहिले पाच लाख, त्याच्या वर पाच लाखांची वजावट असलेला सुपर टॉप-अप घेऊ, हप्ताही कमी." कागदावर सुंदर दिसतं. पण सुपर टॉप-अप उघडतो तो पाच लाखांचं बिल झाल्यावर. योजनेत उपचार झाले तर तुमच्या नावाचं बिलच निघत नाही, आणि योजनेबाहेर झाले तर योजना पैसे देत नाही, म्हणजे पहिले पाच लाख तुमच्याच खिशातून. दोन मजले एकमेकांवर बसतच नाहीत. मुलीच्या ७४,३०० पैकी अशा सुपर टॉप-अपने काहीही दिलं नसतं.

हे फक्त दादांचं नाही

सार्वजनिक आरोग्यसेवा वाढली की खाजगी विमा मागे हटतो, हे अमेरिकेत डेव्हिड कटलर आणि जोनाथन ग्रुबर यांनी १९९६मध्ये मांडलं. १९८७ ते १९९२ या काळात मेडिकेड ही तिथली गरिबांसाठीची सरकारी योजना गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी वाढवली गेली. त्यातून जितक्यांना नवं सार्वजनिक संरक्षण मिळालं त्याच्या साधारण निम्म्याइतकी घट खाजगी विम्यात झाली, असा त्यांचा अंदाज. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा कमी धरला, वाद अजून चालू आहे. ऑस्ट्रेलियात १९८४ला मेडिकेअर ही सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना आल्यावर खाजगी विमा असलेल्यांचं प्रमाण निम्म्यावरून घसरत नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तीस टक्क्यांपर्यंत आलं. मग सरकारने सवलती दिल्या, तरुणपणी विमा न घेणाऱ्याला पुढे जास्त हप्ता लावला, आणि २०००च्या सुमारास ते पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास गेलं. इंग्लंडमध्ये सरकारी सेवा मोफतच, तरी जिथे प्रतीक्षायादी लांब तिथे खाजगी विमा घेणारे जास्त, असं आढळलं.

आपल्याकडे हे जरा वेगळं चालतं, कारण आपली मोफत योजना बऱ्याच अंशी खाजगी रुग्णालयांतूनच राबवली जाते. आईंचा स्टेंट खाजगी रुग्णालयात बसला, पैसे योजनेने दिले. म्हणजे दारही एक, डॉक्टरही एक, फक्त पैसे देणारा वेगळा. त्यामुळे माणसाला दोन्ही गोष्टी एकच वाटतात. इंग्लंडच्या माणसाला सरकारी आणि खाजगी यांतला फरक रांगेत उभं राहिल्यावर कळतो, आपल्या माणसाला तो रुग्णालयाच्या टेबलासमोर, कार्ड पुढे केल्यावर कळतो.

आणखी एक गोष्ट मला काळजीची वाटते. माझ्या ग्राहकांत गेल्या दीड वर्षात पॉलिसी सोडली ती बहुतेक निरोगी, दावा न केलेल्या घरांनी. ज्यांचं डायलिसिस किंवा कर्करोगाचे उपचार चालू आहेत त्यांच्यातलं कुणी सोडत नाही. निरोगी माणसं बाहेर पडली की उरलेल्यांवर दाव्यांचा भार वाढतो, हप्ता वाढतो, मग आणखी निरोगी माणसं बाहेर पडतात. साठीच्या पुढच्यांचा हप्ता परवानगीशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही असं नियामकाने जानेवारी २०२५मध्ये कंपन्यांना बजावलं, ते चांगलं झालं. पण दादांसारख्या पन्नाशीकडे चाललेल्या माणसाला ते कुंपण नाही.

त्या फोनवर मी काय सांगायला हवं होतं

पॉलिसी चालू ठेवा किंवा सोडा, एवढेच दोन रस्ते नव्हते. विमारक्कम पाचवरून तीन लाखांवर आणता आली असती, सातत्य तसंच राहिलं असतं. दर दाव्यात पंचवीस हजार स्वतः भरायची वजावट घेऊन हप्ता उतरवता आला असता. मुदत संपण्याच्या पंचेचाळीस दिवस आधी अर्ज केला असता तर कमी हप्त्याच्या दुसऱ्या कंपनीत पॉलिसी नेता आली असती, झालेली प्रतीक्षा सोबत घेऊन. योजना आल्यामुळे खाजगी विमा लहान करायला खरंच जागा झाली होती. मोठ्या हृदयविकाराची, मूत्रपिंडाची, कर्करोगाची भीती योजनेवर टाकून पॉलिसी फक्त मधल्या आजारपणांपुरती ठेवता आली असती. दादांचा अंदाज चुकीचा नव्हता, सगळं सोडायचं नव्हतं एवढंच. आणि माझ्या कमिशनबद्दल कुणाला काय वाटेल याची काळजी मी त्या दिवशी बाजूला ठेवायला हवी होती.

कारण पॉलिसी सोडण्याची खरी किंमत ७४,३०० रुपये नव्हती. मुलगी आजारी पडली नसती तर ३१,४०० रुपये वाचले असते आणि सगळं बरोबर वाटलं असतं. किंमत ऑक्टोबर २०२५मध्ये कळली, दादा परत विमा घ्यायला आले तेव्हा. वय सत्तेचाळीस, साखर नऊ वर्षांची, रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी ७.८. एका कंपनीने प्रस्ताव नाकारला. दुसरीने घेतला, दादांच्या वाट्यावर जादा भार लावून. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला होता, म्हणून हप्ता ३०,२०० वर थांबला. पण मधुमेहासाठी पुन्हा तीन वर्षं प्रतीक्षा, जास्तीत जास्त लावता येते तेवढी. बोनस शून्य. साठ महिन्यांची मोजणी पहिल्यापासून. सहा वर्षं मुरलेली पॉलिसी गेली, ती कुठल्याही पैशाने परत मिळत नाही.

आता

नव्या पॉलिसीचे कागद आले त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी बसून एक कागद केला. जुन्या कॅलेंडरचं मागचं पान, आता ते वहिनींच्या ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. वर लिहिलंय 'छाती, लकवा, किडनी, कॅन्सर, अपघात' आणि त्यासमोर योजनेतल्या तीन रुग्णालयांची नावं, कुठल्या विभागासाठी ते कंसात, खाली योजनेचा नंबर १५५३८८. त्याखाली 'ताप, पोट, ॲडमिट करा म्हणाले तर' आणि समोर पॉलिसी क्रमांक आणि घराजवळची कॅशलेस असलेली दोन नर्सिंग होम्स. आईंची ओळ वेगळी : 'वय वंदना, कार्ड पिशवीत, फोटो दादांच्या मोबाइलमध्ये.' त्या गावी जाताना ते कार्ड सोबत नेतात.

मुलीचं नाव रेशनकार्डावर चढवायला दादांनी अर्धा दिवस रजा टाकली, मग आणखी एकदा अर्धा दिवस, एका दाखल्यावरचं आडनाव जुळत नव्हतं म्हणून. डिसेंबरात नाव चढलं. वीस वर्षांच्या कार्डावर ती पहिल्यांदा दिसली.

कागदाच्या तळाशी वहिनींनी निळ्या पेनाने दादांचं नाव आणि एक तारीख लिहिली आहे, ऑक्टोबर २०२८. तोपर्यंत साखरेतून काही उद्भवलं तर पॉलिसीवर विसंबायचं नाही, वरच्या ओळीतल्या रुग्णालयात जायचं, हे त्यांनी मला पाठ म्हणून दाखवलं.